चार ठेक्यांची जागा

माझा धाकटा दीर गेली बावीस वर्षं चारचौघांत माझी ओळख करून देतो ती अशी: "आमची वहिनी फॅशन शोमध्ये गाणी लावते." गाणी लावते! बटण दाबलं, गाणं लागलं, झालं काम. सुरुवातीला मी हसून सोडून द्यायची, मग काही वर्षं समजावून सांगितलं, आता नुसतं रोखून बघते. मग तो हळूच माझ्या नवऱ्याला विचारतो, "वहिनीला राग आला का रे?" आला ना. न यायला काय झालं?

काय करते ते एकदाच सांगते. फॅशन शो असतो पंधरा मिनिटांचा. तीस-पस्तीस पोशाख. मुली एकामागून एक रॅम्पवरून चालत येतात, टोकाशी थांबतात, वळतात, परत जातात. त्या पंधरा मिनिटांत तुमच्या कानावर जे जे पडतं ते मी बांधलेलं असतं. त्यात गाणं असेलच असं नाही. कधी दाराची कडी असते, कधी पत्र्यावर ओतलेली वाळू, कधी नुसता ठेका. सुती कापड झपझप चालतं, जड भरतकाम दमानं चालतं, आणि ते ज्याच्या त्याच्या चालीनं चालावं म्हणून मी तालमीच्या दिवशी रॅम्पच्या फळ्यांखाली सहा छोटे माईक चिकटवते. मग हेडफोन लावून प्रत्येक मुलीचे पाय ऐकते. कोण टाच आधी टेकवते, कोण चवडा, कोणाचा डावा पाय जड पडतो, सगळं वहीत लिहून ठेवते. मुलींचे चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत, पाय राहतात.

आणि माझी म्हणून एक खूण आहे. शोमध्ये एका ठिकाणी मी सगळा आवाज बंद करते. चार ठेके मोजून. त्या चार ठेक्यांत लोकांना कापड ऐकू येतं. रेशमाची सळसळ, तंग कापडाची कुरकुर. लोक श्वास रोखतात. मग ठेका परत येतो. आमच्या धंद्यात त्याला 'मोकळी जागा' म्हणतात आणि ती ठेवायची हिंमत दुसरं कोणी करत नाही, कारण सगळ्यांना वाटतं वायर निघाली.

ही मोकळी जागा मला सापडली तीही फजितीतून. स्पीकर भाड्यानं देणाऱ्या दुकानात मी फोन उचलायच्या कामाला होते. एका कापड गिरणीच्या शोला आमचा माणूस आजारी पडला म्हणून मला पाठवलं. टेप अडकली. मला दरदरून घाम फुटला. पण त्या दोन-तीन सेकंदांत साऱ्या हॉलनं कापडाचा आवाज ऐकला आणि टाळ्या पडल्या. आता नीट ऐका: ती टेप अडकली तो बिघाड होता. त्यानंतरची प्रत्येक मोकळी जागा मी मुद्दाम, मोजून-मापून ठेवलेली आहे. सगळं भांडण याच फरकावरून झालं.

तिचा एक नियमही आहे. जिच्या वाट्याला मोकळी जागा येणार त्या मुलीला मी स्वतः जाऊन सांगते, हात हातात घेऊन. "आवाज जाईल. घाबरायचं नाही. मनात चार मोजायचे आणि पाय थांबवायचा नाही." कारण ठेका अचानक नाहीसा झाला की पाय चुकतो, जिना संपला असताना आणखी एक पायरी आहे असं वाटून चुकतो तसा. बावीस वर्षांत मी हे कोणाला सांगायची विसरले नव्हते.

तर तो शो मास्टरचा होता. मास्टर म्हणजे त्या फॅशन कंपनीचा मालक. कधीकाळी स्वतः कातरकाम करायचा, म्हणून अजून सगळे मास्टरच म्हणतात. मी त्याचे अकरा शो केले आणि अकराही वेळा त्यानं मला हाक मारली ती "ओ साउंड!" अशी. माणसाला नाव असतं हे त्याच्या गावीही नाही. ओ लाईट, ओ बूट, ओ साउंड, जरा कमी करा!

शेवटचा पोशाख काचमण्यांचा होता. नऊ किलोंचा पायघोळ झगा. शिवणखात्यातल्या बायकांनी चार महिने मणी ओवले होते. मी दोन दिवस त्यांच्यात बसून तो झगा ऐकला होता. हलवला की आधी खालचे मणी बोलायचे, मग वरचे. असल्या झग्यावर गाणं वाजवणं म्हणजे शुद्ध गाढवपणा. मोकळी जागा तिथंच ठेवायची हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं.

शोच्या दिवशी सकाळी झगा घातला तर जमिनीवर लोळायला लागला. मणी फळ्यांवर घासून तुटायला लागले. मास्टरनं ठरलेल्या मुलीला बाजूला केलं आणि सगळ्यांत उंच मुलीला उभं केलं. एकोणीस वर्षांची पोर, सगळे तिला शिडी म्हणत आणि ती बिचारी त्या हाकेला ओ देत असे. तिच्याही पायांत झगा लोळायला लागला, तेव्हा मास्टर म्हणाला, टाच उंच करा. बुटांचं बघणाऱ्या माणसानं सांगून पाहिलं, "साहेब, सोल्युशन वाळायला एक अख्खा दिवस लागतो." मास्टर म्हणाला, "संध्याकाळपर्यंत वाळेल." वाळेल! सोल्युशनला याचा हुकूम ऐकू येतो की काय? पण त्या माणसानं मान खाली घालून दोन्ही टाचांखाली बोटभर जाडीचे तुकडे चिकटवले.

शिडी रॅम्पवरून एकदा चालून आली. ठेका नाही, काही नाही, नुसते पाय. मी हेडफोनवर ऐकत होते. डावी टाच घट्ट वाजली. उजवी पोकळ. हाताच्या बोटानं भिंतीवर टकटक केलं की आत वीट आहे की पोपडा हे कळतं ना, तसं ते मला कळलं. मी उठून मॅनेजरबाईंकडे गेले. मास्टरच्या कंपनीत इकडची काडी तिकडे करायची तर यांना विचारावं लागतं.

"उजवी टाच पोकळ वाजतेय," मी म्हटलं. "तुकडा नीट बसलेला नाही."

"वाजतेय?" बाईंनी फोनवरून नजर न काढता विचारलं. "दिसतेय का?"

"दिसत नाही. ऐकू येतंय."

"मग तुम्ही ना, मॅडम, गाण्याचं बघा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आणि नेमकं त्याच वेळी बाईंच्या टेबलावर निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा पडलेला दिसला. मी एक उचलली. खाली नावं छापली होती. केशरचना एकीची, एक ओळ. प्रकाशयोजना एकाची, एक ओळ. आणि सगळ्यांत तळाशी: 'ध्वनी व खुर्च्या', त्यापुढे माझं नाव आणि खुर्च्यांच्या कंत्राटदाराचं नाव, मध्ये स्वल्पविराम. बावीस वर्षं कान झिजवून मी पोहोचले ती खुर्च्यांपर्यंत!

मी भांडले. खोटं कशाला सांगू, कडाकडा भांडले. बाई म्हणत होत्या, ओळ पुरली नाही. मी म्हणत होते, केस विंचरणारीला पुरते आणि मला पुरत नाही? मास्टर आला, तो म्हणाला, पत्रिका कोण वाचतं, मी म्हटलं, मी वाचते. वीस-पंचवीस मिनिटं गेली. शेवटी पुढच्या वेळी स्वतंत्र ओळ द्यायचं बाईंनी कबूल केलं आणि मी नाक वर करून माझ्या जागेवर परत आले. टाचेचं राहून गेलं. आणखी एक गोष्ट राहून गेली होती, पण ती मला तेव्हा आठवली नाही.

संध्याकाळी सहाला शो. तीनशे माणसं. सगळं घड्याळासारखं गेलं. शेवटी शिडी आली. झगा असा काही चमकत होता की लोकांनी फोन खाली ठेवले. मी मोकळी जागा उघडली. आवाज गेला. मणी बोलले. आणि मग कट्ट असा आवाज, आणि त्यापाठोपाठ गुडघा फळीवर आपटल्याचा. संगीत चालू असतं तर तो दबला असता. मोकळ्या जागेत तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

तीनशे माना वळल्या, आणि त्या वळल्या माझ्याकडे. पोर समोर आडवी पडलीय, तिचा पाय नको त्या दिशेला वळलाय, आणि माणसं बघतायत कोणाकडे, तर आवाज बंद पडला म्हणून आवाजवालीकडे! तेवढ्यात चार ठेके संपले आणि ठरल्याप्रमाणे शेवटचा, सगळ्यांत जोराचा भाग सुरू झाला. मी पालथ्या हातानं बटणावर थापा मारून तो बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मला बोलावलं. मॅनेजरबाईंनी टाईप केलेला कागद पुढे सरकवला. 'ध्वनियंत्रणेत अचानक बिघाड झाल्यामुळे मॉडेलचा तोल गेला.' खाली माझ्या सहीची रेघ.

"बिघाड झाला नाही," मी म्हटलं. "टाच तुटली. मी तुम्हाला सकाळीच सांगितलं होतं."

"मला आठवत नाही," बाई म्हणाल्या. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. "हे बघा मॅडम, मुलीच्या गुडघ्याचं ऑपरेशन करावं लागणार आहे. विम्याची माणसं कारण विचारतायत. मुलीची चूक नसेल तर ऑपरेशन विम्यातून होतं. यंत्राचा बिघाड म्हटलं की प्रश्न मिटला. टाच म्हटलं की चौकशा, तपासण्या, पुढचे शो बंद."

"आणि मी सही केली नाही तर?"

"मग काय राहतं? मुलीचा निष्काळजीपणा. तसं लिहिलं की विमा नाही, आणि पुढे कुठली कंपनी तिला रॅम्पवर उभी करणार? तुम्हीच विचार करा. उद्या दुपारी विम्याचा माणूस येणार आहे."

माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. टाच मास्टरनं उंच करायला लावली, इशारा बाईंनी कानामागे टाकला, आणि खापर फोडायला मी किंवा ती पोर, दोघींपैकी एक निवडा! कागद तसाच टाकून मी बाहेर पडले.

घरी दीर आलेलाच होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वहिनी, करून टाक की सही. मुलीचं भलं होतंय. गाणं बंद पडलं म्हणून कोणी फासावर देतं का?"

"गाणं बंद पडलं नाही!" मी एवढ्या जोरात ओरडले की आतून सासूबाई काय झालं म्हणून बाहेर आल्या. त्यांना नीटसं ऐकू येत नाही.

नवरा शाळेत गणित शिकवतो. त्यानं शांतपणे विचारलं, "तुझे माईक चालू होते ना? मग पुरावा तुझ्याकडेच आहे."

मी कपाळावर हात मारून घेतला. शोच्या वेळीही फळ्यांखालचे माईक चालू असतात, ते रेकॉर्डिंग माझ्या लॅपटॉपवर होतं. टाच आधी तुटली, मग ती पडली, मोकळ्या जागेचा काडीचा संबंध नाही, हे मी आता सिद्ध करून दाखवणार होते. मॅनेजरबाईंचं तोंड कसं होईल ते मनाशी रंगवत मी खोलीचं दार लावून बसले.

ठेका. शिडीची पावलं, ठेक्याला चिकटून. मग मोकळी जागा. मण्यांची सळसळ. एक पाऊल. मग दुसरं पाऊल, पण ते वेळेवर आलं नाही. अर्धा सेकंद पाय हवेतच राहिला. ठेका कुठं गेला ते ती शोधत होती. मग तो पाय वेडावाकडा टेकला, आणि मग कट्ट.

मी परत ऐकलं. पाच वेळा ऐकलं. दर वेळी आवाज आधी जात होता आणि टाच नंतर तुटत होती. तेव्हा मला आठवलं. ठरलेल्या मुलीला मी तालमीत सांगितलं होतं, चार मोज म्हणून. मुलगी बदलली. नव्या मुलीला सांगायची वेळ होती ती मी पत्रिकेतल्या ओळीसाठी भांडण्यात घालवली. टाच पोकळ होती हे खरंच. पण सरळ चालली असती तर ती टाच कदाचित पडदा ओलांडून आत गेली असती. पाय अडखळला आणि सगळं वजन वाकडं आलं, ते माझ्यामुळे.

पुढे मी जे केलं ते सांगायची लाज वाटते. मी ते कट्ट उचललं आणि मोकळ्या जागेच्या आधी आणून ठेवलं. माझ्या हाताला या कामाची सवय आहे. अडखळलेला पाय दुरुस्त केला, कडा पुसल्या. दहा मिनिटांत टाच आधी तुटायला लागली. मी नवऱ्याला बोलावून दोन्ही ऐकवली.

"दोन्ही सारखीच वाटतायत," तो म्हणाला.

"नक्की?"

"मला तरी फरक कळत नाही. का गं?"

"काही नाही," मी म्हटलं. झालं तर मग. ज्याला अपूर्णांकातला अपूर्णांक कळतो त्याला फरक कळत नाही, तर विम्याच्या माणसाला काय कळणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात गेले. तिला धीर द्यायला जातेय असं मी स्वतःला सांगितलं होतं. खरं तर मला माझं नवं रेकॉर्डिंग कोणाला तरी ऐकवून पाहायचं होतं. खोलीत चार खाटा. शिडी खिडकीजवळच्या खाटेवर, पाय मांडीपासून बांधलेला, खाट तिला आखूड पडत होती म्हणून दुसरा पाय खुर्चीवर टेकवलेला. तिची आई स्टुलावर बसली होती.

"ही गं, ती आवाजवाली मावशी," शिडीनं आईला सांगितलं.

आईनं उठून मला स्टूल दिलं. "ताई, त्या मॅनेजरबाई येऊन गेल्या. म्हणत होत्या, हिनंच नीट लक्ष दिलं नाही असं निघालं तर सगळं आमच्यावर येईल. हो का हो? हिला चालायला येईल ना नीट? डॉक्टर म्हणतात ऑपरेशन लवकर झालं तर येईल."

"हिची चूक नाही," मी म्हटलं. "माझ्याकडे पुरावा आहे." आणि हेडफोन शिडीच्या कानांवर चढवून मी बटण दाबलं.

ती डोळे मिटून ऐकत होती. कट्ट झालं तेव्हा तिच्या गालाचा स्नायू हलला. मग तिनं हेडफोन काढले.

"टाच आधी तुटली होय," ती म्हणाली. "मला वाटत होतं, आधी गाणं थांबलं. मी घाबरले. म्हटलं माझंच काहीतरी चुकलं, म्हणून थांबवलं. पाय कुठं टाकू तेच कळेना." मग ती कसनुसं हसली. "पण तुम्ही म्हणता तर तसंच असेल, मावशी. तुम्हाला सगळं बरोब्बर ऐकू येतं. मलाच घाईत उलटं आठवतंय."

एकोणीस वर्षांची पोर. तिच्या अंगावर घडलेली गोष्ट मी तिच्याकडून काढून घेतली होती, आणि ती म्हणत होती, तुमचंच बरोबर. दुसरं कोणी असं केलं असतं तर मी त्याची सालटी काढली असती. मॅनेजरबाई निदान खोटं कागदावर लिहून सही मागत होत्या. मी तर तिच्या कानात घातलं.

"तुला बरोबर आठवतंय," मी म्हटलं. "हे रेकॉर्डिंग मी फिरवलंय. आवाज आधी गेला. तो मीच थांबवला होता, तुला सांगायचं होतं आणि सांगितलं नाही."

तिच्या आईच्या चेहऱ्याकडे बघायची मला हिंमत झाली नाही.

"का नाही सांगितलंत?" शिडीनं विचारलं.

"भांडत होते," मी म्हटलं. तिनं तोंड खिडकीकडे वळवलं आणि मी निघाले.

दुपारी मास्टरच्या ट्रायलरूममध्ये सगळे जमले होते. तीन बाजूंना आरसे, कोपऱ्यात बिनडोक्याचे पुतळे, मधल्या कटिंगच्या टेबलावर विम्याच्या माणसाचा लॅपटॉप. तो दोन बोटांनी टाईप करत होता. मास्टर उठून सामोरा आला.

"या, ताई, या! चहा सांगू?"

अकरा शोंनंतर साउंडची ताई झाली. मी चहा नको म्हटलं आणि माझा लॅपटॉप त्यांच्या मोठ्या स्पीकरला जोडला. आणलेलं होतं ते मूळ रेकॉर्डिंग. न फिरवलेलं.

"आधी ऐका," मी म्हटलं.

विम्याचा माणूस लक्ष देऊन ऐकत होता. त्यानं पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाला, "म्हणजे आवाज आधी थांबला. बिघाड?"

"बिघाड नाही. मी थांबवला. मुद्दाम. ज्या मुलीच्या पावलांवर थांबवायचा तिला सांगावं लागतं. मी सांगितलं नाही. तिचा पाय अडखळला तो त्यामुळे."

मास्टरचा चेहरा एकदम फुलला. "बघा! स्वतः कबूल करतायत. याला म्हणतात मोठेपणा."

"आता हे ऐका," मी म्हटलं आणि शोच्या दिवशी सकाळच्या चालीचं रेकॉर्डिंग लावलं. ठेका नाही, काही नाही, नुसते शिडीचे पाय. डावी घट्ट. उजवी पोकळ. डावी घट्ट. उजवी पोकळ. भल्या मोठ्या स्पीकरवर ते इतकं उघड होतं की बहिऱ्यालाही कळलं असतं. "ही टाच त्याच दिवशी यांच्या सांगण्यावरून उंच केली. वाळायला दिवस लागतो हे बूटवाल्यानं सांगितलं होतं. पोकळ वाजतेय हे मी या बाईंना सांगितलं होतं. आणि मीही एकदा सांगून गप्प बसले."

मॅनेजरबाई फोनमध्ये काहीतरी शोधायला लागल्या.

"टाचेचं कशाला मध्ये आणता?" मास्टरचा आवाज बदलला. "चूक तुमची, तुम्ही मान्य केलीत. साहेब, ह्यांचं एकट्यांचं नाव लिहा आणि संपवा."

पत्रिकेत मला स्वल्पविरामापुढे बसवणारा हा माणूस, आयुष्यात पहिल्यांदा मला अख्खी ओळ द्यायला निघाला होता! मला हसू आलं आणि त्याच श्वासात संतापही आला.

"एकटीचं नाही," मी म्हटलं. "मुलगी पडली ती माझ्या न सांगण्यामुळे आणि तुमच्या टाचेमुळे. दोन्ही लिहायचं."

"विचार करून बोला," मॅनेजरबाई म्हणाल्या. "यानंतर कुठल्याच शोला तुम्हाला कोणी बोलावणार नाही. मुद्दाम आवाज बंद करणारी म्हणून नाव होईल."

"होऊ दे. खरंच आहे ते."

बावीस वर्षांचं काम होतं ते. रडायचं नाही असं ठरवलं होतं, तरी डोळे भरले. विम्याच्या माणसानं शिष्टाचार म्हणून लॅपटॉपकडे बघितलं.

"एवढं मात्र नक्की," तो म्हणाला, "मुलीच्या निष्काळजीपणाचा यात प्रश्नच येत नाही. ऑपरेशनचं पत्र आज पाठवतो. कारणाच्या रकान्यात मात्र एक वाक्य हवं. काय लिहू?"

"लिहा," मी म्हटलं. "'आपण पाडलं तिला.'"

त्याची बोटं थांबली. "आपण म्हणजे? तुम्ही एकट्या असाल तर 'मी' लिहितो. तुम्ही आणि तुमची माणसं असाल तर 'आम्ही'. 'आपण' लिहिलं तर हेही त्यात येतात." त्यानं मान मास्टरकडे केली.

"म्हणूनच सांगतेय. 'आपण'च लिहा."

त्यानं लिहिलं. कागद छापून आला. त्यानं तो टेबलावर सरळ केला आणि मजकुराखाली पट्टी धरून पेनानं एक रेघ मारली, मग तिच्या शेजारी आणखी एक.

"मग सह्या दोन लागतील," तो म्हणाला.

मी माझी केली आणि पेन मास्टरपुढे ठेवलं.